पाहणे, दिसणे आणि कळणे

सूक्ष्मदर्शी

सूक्ष्मदर्शकात पहिल्यांदाच डोकावणाऱ्या विद्यार्थ्याला काय दिसते असे विचारले, की तो खात्रीने काहीतरी सांगतो, आणि तो जे सांगतो ती बहुधा पेशी नसते. कधी त्या स्वतःच्याच पापण्या असतात, कधी काचेवरचा ओरखडा, आणि सर्वाधिक वेळा हवेचा बुडबुडा. बुडबुडा गोल असतो, त्याची कडा जाड आणि काळीभोर असते, त्यामुळे तो आधी नजरेत भरतो. गालाच्या आतल्या अस्तराच्या पेशी मात्र मिथिलीन ब्लूने रंगवल्या तरी फिकट, दुमडलेल्या आणि एकमेकींवर चढलेल्या असतात. मग मी शेजारी बसून सांगते, "बुडबुडा सोडून दे. त्याच्या बाजूला फिकट निळा, वेडावाकडा तुकडा आहे का? त्यात एक गडद ठिपका शोध." थोडा वेळ कोणी बोलत नाही. बारीक जुळणीचा स्क्रू किंचित पुढे, किंचित मागे फिरतो, आणि मग तो विद्यार्थी हलक्या आवाजात म्हणतो, "हां, दिसली." त्यानंतर त्याच काचपट्टीवर त्याला जिकडेतिकडे पेशी दिसू लागतात, इतक्या की आधी त्या दिसत नव्हत्या हेच त्याला खरे वाटत नाही.

काचपट्टी तीच, प्रकाश तोच, डोळाही तोच. मग बदलले काय, हा प्रश्न घेऊन मी हा धागा काढत आहे.

गेली बावीस वर्षे मी हे काम करते आहे, आणि ‘पाहणे म्हणजे समजणे’ हे केवळ रूपक आहे असे जे सहज म्हटले जाते, ते मला दिवसेंदिवस कमी पटत चालले आहे. नेहमीची मांडणी अशी असते की डोळ्यांनी पाहणे ही मूळ शारीरिक क्रिया, समजणे ही त्यानंतरची मनातली क्रिया, आणि भाषेने सोयीसाठी पहिलीचे नाव दुसरीला दिले. प्रयोगशाळेत मला हा क्रम आढळत नाही. आधी पेशी दिसली आणि मग ती पेशी आहे हे कळले, असे त्या विद्यार्थ्याच्या बाबतीत घडत नाही. कळेपर्यंत ती दिसतच नाही.

मराठीचे व्याकरण या बाबतीत फार नेमके आहे. आपण ‘मी पाहते’ म्हणतो, पण ‘मला दिसते’ म्हणतो. पाहणाऱ्याकडे कर्तेपण असते. ज्याला दिसते त्याच्याकडे ते नसते; काहीतरी त्याच्यापाशी येऊन पोहोचते. आता समजुतीची क्रियापदे घ्यावीत: मला कळते, मला उमजते, मला सुचते, मला आठवते. ही सगळी ‘दिसणे’च्या घरातली आहेत. ‘समजणे’ तेवढे दोन्ही घरांत राहते, आणि तिथेही फरक बोलका आहे, कारण ‘त्याला समजले’ म्हणजे त्याला खरोखर उलगडले, तर ‘तो तसे समजला’ म्हणजे बहुधा त्याची चूक झाली होती. पाहणे आपल्या हातात आहे. दिसणे आणि कळणे ही दोन्ही आपल्या हातात नाहीत, आणि पाहूनही न दिसणे पूर्णपणे शक्य आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील एकाहत्तराव्या सूक्तात वाणीविषयी हेच म्हटले आहे: ‘उत त्वः पश्यन्न ददर्श वाचम्’, म्हणजे एखादा पाहत असूनही त्याने वाणीला पाहिलेले नसते. संस्कृतात वर्तमानकाळी ‘पश्यति’ आणि भूतकाळी ‘ददर्श’ अशी दोन वेगळी मुळे मिळून एकच क्रियापद पुरे होते. कवीने ती दोन्ही रूपे एका ओळीत समोरासमोर उभी करून त्यांच्यामधली फट दाखवली आहे.

याहून मला महत्त्वाची वाटते ती आपली जोडक्रियापदे. हात लावून पाहा, वास घेऊन पाहा, हलवून पाहा, विचारून पाहा, थोडे थांबून पाहा. यांपैकी एकाही ठिकाणी डोळ्यांना काम नाही. इथे ‘पाहणे’ म्हणजे एखादी गोष्ट करून तिच्यातून काय निघते याचा शोध घेणे. ‘अंत पाहणे’ आणि ‘परीक्षा पाहणे’ यांतही तोच अर्थ आहे. म्हणून माझे म्हणणे असे आहे, की आपल्या वापरात या शब्दाचा गाभा ‘जाणून घेण्यासाठी लक्ष लावणे’ हाच आहे, आणि डोळा हे त्यासाठी सर्वांत जास्त वापरले जाणारे साधन आहे.

खगोलशास्त्रातले एक उदाहरण माझ्या मनातून जात नाही. डिसेंबर १६१२ आणि जानेवारी १६१३ मध्ये गॅलिलिओ गुरूचे उपग्रह टिपत होता. त्या आकृत्यांमध्ये त्याने गुरूजवळच्या एका अंधुक बिंदूची नोंद स्थिर तारा म्हणून केली. तो बिंदू म्हणजे नेपच्यून होता. आदल्या रात्री हा तारा शेजारच्या ताऱ्यापासून अधिक दूर भासला होता, हेसुद्धा त्याने जानेवारीच्या अखेरीस लिहून ठेवले आहे. म्हणजे ग्रहाचे सरकणे त्याच्या कागदावर उतरले होते, तरीही ग्रह त्याला दिसला नाही. पुढे २३ सप्टेंबर १८४६ रोजी बर्लिनच्या वेधशाळेत योहान गाले यांनी फ्रेंच गणितज्ञ लव्हेरिए यांच्या गणितावरून दुर्बीण रोखली, आणि त्याच रात्री अपेक्षित जागेपासून एका अंशाच्या आत नेपच्यून सापडला. पहिल्या खेपेला डोळा पोहोचला आणि समज पोहोचली नाही. दुसऱ्या खेपेला समज आधी पोहोचली होती.

मात्र याची उलट बाजूही मी दर वर्षी तपासते, अगदी शब्दशः, लाल पेन हातात घेऊन. गालाच्या पेशीच्या आकृतीत काही विद्यार्थी तंतुकणिका, म्हणजे पेशीत ऊर्जा तयार करणारे अतिसूक्ष्म भाग, काढतात, त्यांच्या आतल्या घड्यांसह. आमच्या सूक्ष्मदर्शकातून त्या दिसणे शक्यच नाही. त्या पाठ्यपुस्तकात आहेत, म्हणून वहीत येतात. विचारले तर विद्यार्थी प्रामाणिकपणे सांगतो की त्याला त्या दिसल्या, आणि तो खोटे बोलत आहे असे मला वाटत नाही. जी समज डोळा उघडते तीच त्याला असेही काही दाखवते, याचे काय करावे, हे मला अजून नीट उलगडलेले नाही. ज्यांचे काम पाहण्याचेच आहे, किंवा ज्यांचे पाहणे माझ्यापेक्षा वेगळे आहे, अशा वाचकांचे अनुभव मला हवे आहेत.

क्षकिरण

धागा वाचताना माझ्या उमेदवारीच्या काळातला एक प्रसंग आठवला. छातीच्या एका क्ष-किरण चित्रात मला बरगडीचे अस्थिभंग सापडले होते आणि मी अहवाल लिहायला घेतला होता. माझ्या वरिष्ठांनी काही न बोलता त्या बरगडीवर आपला तळहात ठेवला आणि म्हणाले, "आता हे चित्र वाचा." हाताखाली माझा शोध झाकला गेला तेव्हाच मला डाव्या फुप्फुसाच्या शेंड्याला, गळपट्टीच्या हाडाआड, एक लहान गोल सावली दिसली. ती तिथे आधीही होती, आणि मी त्या जागेवरून नजर फिरवलीही होती. एक दोष सापडला, की शोध पुरा झाल्याचे समाधान मन आपल्यालाही न सांगता करून घेते, हे आमच्या क्षेत्रात सर्वांना ठाऊक असलेले दुखणे आहे.

आपण तंतुकणिकांचा उल्लेख केला, म्हणजे नसलेले दिसण्याचा. आमच्याकडे धोका बहुधा असलेले न दिसण्याचा असतो. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात २४ रेडिओलॉजिस्टना फुप्फुसाच्या सीटी स्कॅनमध्ये गाठी शोधायला सांगितले होते, आणि त्या चित्रांत सरासरी गाठीच्या ४८ पट मोठी गोरिलाची आकृती मिसळली होती. २० जणांना ती दिसली नाही. त्यांच्या डोळ्यांच्या हालचाली नोंदवल्या होत्या, आणि त्यांपैकी बहुतेकांची नजर थेट त्या आकृतीवर जाऊन आली होती. हे लोक नवखे नव्हते, निष्काळजीही नव्हते. गाठ म्हणजे काय हे त्यांना उत्तम कळत होते, आणि त्या कळण्यानेच बाकीचे सगळे बाजूला सारले होते.

म्हणून ‘समजल्याशिवाय दिसत नाही’ हे मला मान्य आहे, पण समज ही काही प्रकाश वाढवणारी वात नव्हे. ती झोत आहे. एकीकडे टाकला की दुसरीकडे अंधार पडतो. आम्ही त्यावर उपाय म्हणून पाहण्याला क्रम लावतो. श्वासनलिका, फुप्फुसे, हृदयाची कडा, हृदयामागचा भाग, हाडे आणि शेवटी चित्राचे कोपरे, प्रत्येक वेळी सगळे, मग पहिल्याच नजरेत काही सापडलेले असो वा नसो.

शब्दवेध

विवेचन आवडले, पण एका मुद्द्यावर माझा मतभेद नोंदवतो. ‘जाणणे’ हा गाभा आणि डोळा हे साधन, असे आपण म्हणता. भाषांचा इतिहास मात्र दुसरी दिशा दाखवतो. ‘वेद’ आणि ‘विद्या’ हे शब्द ज्या ‘विद्’ धातूतून आले, त्याच्या कुळातले लॅटिन क्रियापद ‘विदेरे’ म्हणजे डोळ्यांनी पाहणे. ग्रीक ‘ओइदा’ रूपाने ‘मी पाहिले आहे’ असे पूर्णकाळातले आहे आणि अर्थाने ‘मला ठाऊक आहे’ असे आहे. म्हणजे आधी पाहून झाले, आणि पाहून झाल्यानंतरची अवस्था ती जाणीव, असा प्रवास दिसतो. ‘दर्शन’ हा शब्द आपण तत्त्वज्ञानाच्या प्रणालीला लावतो, आणि यास्काने निरुक्त या शब्दांची उकल करणाऱ्या प्राचीन ग्रंथात ‘ऋषिर्दर्शनात्’, म्हणजे दर्शनामुळे ऋषी, अशी ऋषी शब्दाची उकल केली आहे. तिथेही डोळ्याचा मान मोठा आहे. वापरातला गाभा आणि उगमातला गाभा हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि ते वेगळे ठेवावेत एवढीच विनंती आहे.

स्पर्शलिपी

मी जन्मतः दृष्टिहीन आहे. हा धागा मी स्क्रीन रीडरवर ऐकला, आणि त्यातला एक भाग पुन्हा ब्रेलमध्ये वाचून पाहिला. ‘वाचून पाहिला’ हे शब्द मी मुद्दाम योजलेले नाहीत. दुसरे कोणते शब्द मला सुचलेच नसते.

आधी तक्रार मांडतो, कारण ती मांडल्याशिवाय पुढचे प्रामाणिकपणे लिहिता येणार नाही. पाहणे आणि समजणे यांची गाठ भाषेने इतकी घट्ट बांधली आहे, की न पाहणारा तो न समजणारा, हा निष्कर्ष तिच्यात आपोआप निघतो. विचार न करता ठेवलेला विश्वास तो आंधळा, विचारपूर्वक ठेवलेली श्रद्धा ती डोळस, आणि शहाणपण आले की डोळे उघडले. हे शब्द वापरणाऱ्यांच्या मनात आमच्याविषयी काही वाईट नसते, हे मला ठाऊक आहे. तरीही एका कार्यालयात माझ्या अर्जावर माझ्यादेखत चर्चा चालू असताना माझ्या सोबत्याला "यांना कळते का?" असे विचारले गेले, तेव्हा तो प्रश्न कुठून आला हे मला नेमके कळले होते. तो त्या अधिकाऱ्याच्या मनातून जितका आला, तितकाच भाषेतूनही आला होता.

म्हणूनच ‘हात लावून पाहा’ या उदाहरणाने मला फार बरे वाटले. आपण ते व्याकरणाचे उदाहरण म्हणून दिले आहे. माझ्यासाठी ते रोजचे जगणे आहे. उठावाचा नकाशा पहिल्यांदा बोटांखाली आला तेव्हा मला नुसते उंचवटे लागत होते, एकात एक गुंतलेले, आणि त्यातली नदी कुठली व सीमारेषा कुठली याचा काही पत्ता लागत नव्हता. शिक्षकांनी माझी तर्जनी धरून एका रेषेवरून शेवटपर्यंत नेली आणि सांगितले, "ही सलग आहे आणि वळणे घेते, म्हणून नदी, शेजारची तुटक आहे, ती सीमा." त्या क्षणी उंचवट्यांचा प्रदेश झाला. आपल्या विद्यार्थ्याचे "हां, दिसली" आणि माझा तो क्षण यांत मला तिळमात्र फरक वाटत नाही.

याला आधार देणारे संशोधनही आहे. बार्बरा लँडाऊ आणि लायला ग्लाइटमन यांनी दृष्टिहीन बालकांच्या भाषेचा अभ्यास १९८५ मध्ये प्रसिद्ध केला. त्यातल्या एका लहान मुलीला ‘वर बघ’ असे सांगितले की ती डोके न हलवता हात वर नेऊन चाचपत असे. डोळ्यांवर पट्टी बांधलेली डोळस मुले मात्र मान वर करत. एखाद्या वस्तूला फक्त हात लाव, बघू नकोस, असे सांगितले तर ती हलकेच टेकून हात काढून घेई, आणि आता बघ म्हटले की ती वस्तू सगळीकडून हाताळून घेई. तिला हा फरक कोणी शिकवलेला नव्हता. स्पर्श होणे वेगळे आणि पाहणे वेगळे, हे तिने डोळ्यांशिवाय भाषेतूनच उचलले होते.

‘शब्दवेध’ यांचा उगमाचा मुद्दा असेल बरोबर. परंतु त्या मुलीपुढे कुठल्याही शब्दाचा उगम नव्हता, फक्त वापर होता, आणि त्या वापरातून तिने जो अर्थ काढला तो या धाग्यात म्हटलेलाच अर्थ आहे.

मेंदूविचार

‘कळेपर्यंत दिसत नाही’ हे विधान थोडे मर्यादित करावे लागेल, कारण ही दोन्ही मेंदूच्या इजेत एकमेकांपासून सुटलेली आढळतात. गुडेल आणि मिल्नर यांनी १९९१ मध्ये ज्या रुग्ण स्त्रीचे वर्णन केले, तिला समोरची फट आडवी आहे की उभी हे सांगता येत नसे. तरीही हातातले कार्ड त्या फटीत टाकायला सांगितले की तिचा हात अचूक कोनात वळत असे. हाताला दिसत होते, तिला दिसत नव्हते. उलट असे रुग्णही आहेत, जे समोरच्या वस्तूचे चित्र बारकाव्यांसह काढून दाखवतात आणि ती वस्तू कोणती हे मात्र सांगू शकत नाहीत.

दृष्टी नव्याने मिळालेल्यांचा प्रश्न तर जुनाच आहे. स्पर्शाने घन आणि गोल ओळखणाऱ्या अंध माणसाला दृष्टी आली, तर तो नुसते पाहून ते ओळखेल का, असे विल्यम मॉलिन्यू यांनी १६८८ मध्ये तत्त्वज्ञ जॉन लॉक यांना विचारले होते. २०११ मध्ये पवन सिन्हा यांच्या गटाने शस्त्रक्रियेनंतर दृष्टी मिळालेल्या ८ ते १७ वर्षांच्या पाच मुलांवर याची परीक्षा घेतली, तेव्हा हाताळलेली वस्तू नजरेने ओळखणे त्यांना सुरुवातीला जवळजवळ जमलेच नाही, आणि काही दिवसांतच ते जमू लागले.

सूक्ष्मदर्शी

‘शब्दवेध’ यांची दुरुस्ती मला मान्य आहे. उगमाविषयी मी काही म्हणायला नको होते आणि इथून पुढे म्हणणार नाही. ‘मेंदूविचार’ यांनी दिलेल्या उदाहरणानंतर माझे विधान मी असे बदलते, की न कळताही डोळा आपले काम करू शकतो, हातही त्याच्या आधाराने नेमका वळू शकतो, पण ‘मला दिसले’ असे म्हणणारा ‘मला’ तिथे अजून आलेला नसतो.

नव्याने दृष्टी आलेल्यांचा विषय निघाला आहे, म्हणून रिचर्ड ग्रेगरी आणि जीन वॉलेस यांनी १९६३ मध्ये ज्यांच्याविषयी लिहिले त्या ‘एस. बी.’ यांची हकीकत सांगते. अगदी तान्हेपणी त्यांची दृष्टी गेली होती आणि वयाच्या बावन्नाव्या वर्षी बुबुळाच्या पटलाचे रोपण करून ती परत आली. इंग्रजीची मोठी अक्षरे त्यांनी शाळेत स्पर्शाने शिकलेली होती, ती त्यांना नजरेने लगेच वाचता आली. लहान अक्षरे कधी हाताखालून गेलेली नव्हती, ती वाचता येईनात. लंडनच्या विज्ञान संग्रहालयात त्यांना स्क्रू कापण्याचे लेथ यंत्र दाखवले. त्यांना हत्यारांची आणि यंत्रांची मनापासून आवड होती, तरी काचेआडच्या त्या यंत्राविषयी त्यांना काही सांगता येईना. मग काच उघडली गेली. त्यांनी डोळे घट्ट मिटून त्याच्या भागांवरून हात फिरवला, मागे सरकून डोळे उघडले आणि सांगितले, की आता हाताने कळल्यावर मला ते दिसते. हा उतारा मी अनेकदा वाचला आहे, आणि त्या मिटलेल्या डोळ्यांपाशी दर वेळी थांबते.

‘क्षकिरण’ यांची तळहाताची युक्ती मी पुढच्या तुकडीला वापरणार आहे. पाठ्यपुस्तकातली आकृती आधी दाखवायची नाही, असे मी एकदा करून पाहिले होते; तेव्हा सगळ्यांनी बुडबुडे काढले. आधी दाखवली तर तंतुकणिका येतात. आता विचार असा आहे, की पेशी एकदा ओळखता आली की पुस्तक बंद करून, पेशीतला केंद्रक सोडून बाकी काय दिसते तेवढेच काढायला सांगावे, आणि ज्याची खात्री नाही ती रेघ तुटक काढायला सांगावी.

‘स्पर्शलिपी’ यांना एक प्रश्न आहे, आणि तो विचारणे योग्य नसेल तर त्यांनी तसे अवश्य सांगावे. ‘पाहिले’ हा शब्द आपण सहज वापरता, हे आपल्या लिहिण्यात आले. ‘दिसले’ आपण म्हणता का?

स्पर्शलिपी

प्रश्न योग्यच आहे, आणि तो मला आजवर कोणी विचारलेला नाही. दिवसभर स्वतःच्या बोलण्याकडे लक्ष ठेवून मगच उत्तर देत आहे. वस्तूच्या बाबतीत मी ‘पाहिले’ म्हणतो, त्यानंतर ‘सापडले’ किंवा ‘हाताला लागले’ म्हणतो. ‘किल्ली दिसली’ असे माझ्या तोंडून येत नाही. पण आज दुपारी एका सहकाऱ्याने हिशेबाचा मसुदा वाचून दाखवला, तेव्हा मी म्हणालो, "यात मला एक चूक दिसते," आणि त्यानेही ती कुठे आहे एवढेच विचारले.